अमेरिकन साहित्याच्या पेपरची उजळणी कशी करावी

इंग्रजी साहित्य घेऊन बी.ए. किंवा एम.ए. करणाऱ्या मुलांना अमेरिकन साहित्याच्या पेपरआधी हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘संज्ञांच्या व्याख्या पाठ करा’. हा पेपर मी अनेक वर्षे शिकवते आहे, आणि या सल्ल्याने होणारे नुकसान मला उत्तरपत्रिकांत दरवर्षी दिसते. व्याख्या बिनचूक येते, पण समोरच्या उताऱ्यात ती संज्ञा नेमकी कुठे आहे, हे दाखवता येत नाही. नेमलेली पुस्तके वाचून झाली आहेत, असे मी येथे गृहीत धरते.

आधी एका पानावर कालपट लिहून काढा. इमर्सनचे ‘नेचर’ १८३६चे, आणि पुढे हॉथॉर्नची ‘द स्कार्लेट लेटर’ १८५०, मेलव्हिलची ‘मोबी डिक’ १८५१, थोरोचे ‘वॉल्डन’ १८५४ व व्हिटमनचे ‘लीव्ह्ज ऑफ ग्रास’ १८५५ अशी रांगच लागते. ही सगळी पुस्तके १८६१ साली सुरू झालेल्या यादवी युद्धाच्या आधीची आहेत, एवढे लक्षात राहिले तरी निम्मे घोळ टळतात.

उपमा, रूपक आणि चेतनगुणोक्ती शाळेच्या मराठीतच झालेल्या असतात. एमिली डिकिन्सनच्या कवितेत मृत्यू गाडी घेऊन सौजन्याने थांबतो, हे चेतनगुणोक्तीचे एक उदाहरण पुरेसे आहे.

खरी अडचण आयरनीची, म्हणजे वरवर दिसते वा बोलले जाते ते आणि प्रत्यक्षात असते ते यांतल्या विसंगतीची. मी स्वतः विद्यार्थिनी असताना तिचे शाब्दिक, प्रसंगनिष्ठ आणि नाट्यात्म हे तिन्ही प्रकार घोकले होते, आणि तरीही परीक्षेत केट शोपँच्या ‘द स्टोरी ऑफ अॅन अवर’ या १८९४च्या कथेवरचे उत्तर पूर्ण चुकवले होते. कथेत हृदयविकार असलेल्या मिसेस मॅलार्डला पती अपघातात गेल्याची बातमी जपून सांगितली जाते. ती खोलीत एकटी जाते, उघड्या खिडकीसमोर बसते, आणि आता आपण मोकळ्या झालो हे तिच्या ओठांवर येते. ती जिना उतरत असताना दार उघडते आणि हातात बॅग व छत्री घेतलेला पती आत येतो. ती जागीच मरते. अतिआनंदाने हृदय थांबले, असा डॉक्टरांचा निर्वाळा.

या शेवटच्या वाक्याला मी शाब्दिक आयरनी म्हटले होते. ते साफ चूक होते, कारण डॉक्टर जे म्हणतात ते त्यांना मनापासून खरे वाटत असते. बोलणाऱ्याला स्वतःलाच उलट अर्थ अभिप्रेत असेल, तरच आयरनी शाब्दिक ठरते. खोलीत काय घडले हे फक्त वाचकाला ठाऊक आहे, म्हणून डॉक्टरांचे वाक्य नाट्यात्म आयरनीचे आहे. आणि मेलेला समजलेला परत येतो व जिवंत असलेली मरते, ही प्रसंगनिष्ठ. तेव्हापासून मी नाव शोधण्याआधी तीनच प्रश्न विचारायला लावते: बोलतो कोण, त्याला काय माहीत आहे, आणि वाचकाला त्याहून अधिक काय माहीत आहे?

हेच प्रश्न मार्क ट्वेनच्या कादंबरीतल्या हक फिन या मुलाला लावून पाहा. पळालेल्या गुलाम जिमचा ठावठिकाणा कळवणारे पत्र तो फाडतो आणि आपण नरकात जाणार असे ठरवून टाकतो. तो तसे मनापासून मानतो. वाचकाला मात्र दिसते की त्याने योग्य तेच केले. गाईडमध्ये हा प्रसंग बहुधा ‘हकचे मतपरिवर्तन’ म्हणून एका ओळीत उरकलेला असतो. त्यावर विसंबू नका, मूळ प्रकरण उघडून पुन्हा वाचा.

शेवटच्या आठवड्यात प्रत्येक पुस्तकातला एक उतारा निवडा आणि त्यावर दहा मिनिटांत, व्याख्या न लिहिता, थेट उताऱ्यातल्या शब्दांपासून सुरुवात करून उत्तर लिहा. संज्ञेचे नाव उत्तराच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या वाक्यात येऊ द्या.