लॉग रोटेट होत नाहीत? घरच्या सर्व्हरवर या चुका टाळा

घरच्या सर्व्हरची डिस्क भरली की पहिला संशय सिनेमांवर किंवा कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डिंगवर जातो. मग जागा मोजणारी ‘डीयू’ कमांड चालवून पाहिली की कळते, /व्हार/लॉग मध्ये १४ जीबीची एकच फाइल बसली आहे. लॉग म्हणजे प्रोग्रॅम आपल्या कामाच्या नोंदी लिहितो ती फाइल; ती रोटेट करणे म्हणजे ठरावीक काळाने जुनी बाजूला सारून नवी सुरू करणे आणि फार जुन्या पुसणे. हे काम करणाऱ्या लॉगरोटेटची कॉन्फिग (नियमांची फाइल) तर केव्हाच लिहून ठेवलेली असते. तरीही एकही जुनी फाइल नाही, एकही जीझेड (दाबलेली फाइल) नाही.

बहुतेक वेळा लॉगरोटेट बिघडलेला नसतो. तो कसा चालतो याविषयी आपली समजूत चुकलेली असते. लॉगरोटेट सतत जागा राहून लॉगवर नजर ठेवत नाही. तो पोदेरासारखा, म्हणजे घरोघरी पाव विकणाऱ्यासारखा आहे: ठरल्या वेळी येतो, काम उरकतो, पुढे जातो. मधल्या वेळात फाइल कितीही फुगली तरी त्याला पत्ता नसतो. त्यात गोव्यातला पावसाळा, म्हणजे दिवसाआड जाणारी लाईट. ठरली वेळ नेमकी अशी चुकते, आणि म्हणून इथल्या सर्व्हरवर काही अडचणी जास्त दिसतात.

(कमांड आणि फाइलींची नावे इथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. टर्मिनलवर ती रोमन लिपीतच टाइप करावीत.)

आधी पाहा, मग हात लावा

सर्वांत मोठी चूक म्हणजे कारण न शोधता ‘-एफ’ लावून रोटेशन जबरदस्तीने करणे. ‘लॉगरोटेट -एफ /इटीसी/लॉगरोटेट.कॉन्फ’ ही कमांड अडलेला एक लॉग नव्हे, सगळेच लॉग रोटेट करते. कॉन्फिगमध्ये ‘रोटेट ४’ असेल आणि वैतागून ती चार-पाच वेळा मारली, तर महिनाभराचे जुने लॉग खाली सरकत सरकत पुसले जातात. ज्या लॉगमध्ये उत्तर सापडले असते, तोच हातचा जातो.

त्याऐवजी या क्रमाने जा. ‘सिस्टमसीटीएल लिस्ट-टायमर्स लॉगरोटेट.टायमर’ ही कमांड लॉगरोटेटला ठरल्या वेळी उठवणारा टायमर मागे कधी वाजला आणि पुढे कधी वाजणार ते सांगते. ‘जर्नलसीटीएल -यू लॉगरोटेट.सर्व्हिस’ मध्ये मागच्या फेऱ्यांच्या चुका शब्दशः मिळतात. शेवटी ‘सुडो लॉगरोटेट -डी /इटीसी/लॉगरोटेट.कॉन्फ’ चालवा. ‘-डी’ काहीही बदलत नाही, फक्त प्रत्येक फाइलबद्दल आपण काय केले असते आणि का, ते सांगतो. एकच फाइल तपासायची असली तरी मुख्य कॉन्फिगच द्या. लॉगरोटेट.डी मधली सुटी फाइल दिली तर मुख्य फाइलमधले ‘वीकली’, ‘रोटेट ४’ असे सर्वसाधारण नियम वाचलेच जात नाहीत आणि उत्तर फसवे येते.

‘आजच कॉन्फिग लिहिली, ‘डेली’ घातले, पण पहिल्या फेरीत काहीच झाले नाही’ ही तक्रार फार ऐकू येते. यात चूक काहीच नाही. कोणता लॉग शेवटचा कधी रोटेट झाला याची नोंद लॉगरोटेट स्वतःच्या वहीत ठेवतो. डेबियन आणि उबुंटूवर ही वही /व्हार/लिब/लॉगरोटेट/स्टेटस या फाइलमध्ये असते. नवा लॉग दिसला की तो आजची तारीख लिहून ठेवतो आणि मोजणी तिथून सुरू करतो. रोटेशन पुढच्या फेरीत होते.

लाईट जाते तेव्हा

जुना लॅपटॉप सर्व्हर म्हणून वापरणारी घरे बरीच आहेत. बॅटरी म्हणजे आयता यूपीएस, शिवाय वीज कमी खातो. पण डेबियन आणि उबुंटूच्या लॉगरोटेट.सर्व्हिस मध्ये ‘कंडिशनएसीपॉवर=ट्रू’ अशी ओळ असते. तिचा अर्थ, मशीन बॅटरीवर असेल तर ही फेरी सोडून दे. मध्यरात्री लाईट नसली तर टायमर वाजतो, सर्व्हिस अट पाहते आणि काही न करता थांबते. टायमरच्या लेखी तो वाजलेला असतो, त्यामुळे लाईट आल्यावर राहिलेली फेरी पुन्हा होत नाही. लागोपाठ काही रात्री असेच झाले की ‘डेली’ लॉग आठवडाभर तसाच पडून राहतो. चूक कुठेच दिसत नाही, कारण झालेलीच नसते. जर्नलमध्ये फक्त अट पूर्ण न झाल्यामुळे सर्व्हिस वगळल्याची एक ओळ असते.

उपाय सोपा आहे. ‘सुडो सिस्टमसीटीएल एडिट लॉगरोटेट.सर्व्हिस’ उघडा, त्यात ‘[युनिट]’ ही ओळ लिहा आणि तिच्याखाली ‘कंडिशनएसीपॉवर=’ लिहून बरोबरच्या चिन्हापुढे काही लिहू नका. रिकामी किंमत आधीची अट पुसते. मूळ फाइलला हात लावू नका, पॅकेज अपडेट झाले की तुमचा बदल उडतो.

बॅटरी नसलेल्या मशीनची गोष्ट वेगळी. तिथे लाईट गेली की सर्व्हरच बंद पडतो. टायमरमध्ये ‘पर्सिस्टंट=ट्रू’ असल्याने चुकलेली फेरी मशीन सुरू होताच होते, म्हणून इथे सहसा अडचण येत नाही. मात्र सिस्टमडी (सर्व्हिस आणि टायमर चालवणारी यंत्रणा) नसलेल्या किंवा जुन्या सेटअपमध्ये काम क्रॉन या ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर असते. डेबियनमध्ये रोजच्या कामांची वेळ सकाळी ६:२५ आहे. त्या वेळी लाईट नसेल तर तो दिवस गेलाच. अशा मशीनवर चुकलेली कामे नंतर उरकणारा ‘अ‍ॅनाक्रॉन’ बसवून घ्या.

रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर आणखी एक भानगड आहे. पाय ४ आणि त्याआधीच्या मॉडेलमध्ये घड्याळाची चिपच नाही. पाय ५ मध्ये आहे, पण तिची बॅटरी वेगळी लावावी लागते. लाईट परत आली की पाय लगेच सुरू होतो, पण फायबरचा राउटर जोडला जायला काही मिनिटे जातात. तोवर पाय शेवटची साठवलेली जुनी वेळ धरून चालतो, आणि नेमक्या त्या मिनिटांत चुकलेली फेरी झाली तर फाइलींना कालची तारीख लागते. घड्याळ कधी चुकून पुढे गेले असेल, तर नंतर ‘लास्ट रोटेटेड इन द फ्यूचर’ असा इशारा येतो आणि लॉग वेळेआधीच रोटेट होतो. डीएस३२३१ चिपचे छोटे मॉड्यूल आणि सीआर२०३२ सेल लावला की प्रश्न मिटतो. पाय ५ ला त्याची खास बॅटरी बोर्डावरच्या जे५ जोडणीला लावा.

अचानक लाईट गेल्याने ती स्टेटस फाइलही खराब होऊ शकते. मग लॉगरोटेट ‘बॅड टॉप लाइन इन स्टेट फाइल’ अशी चूक देतो आणि रोटेशन नीट होत नाही. स्टेटस फाइलचे नाव बदलून बाजूला ठेवा आणि ‘सुडो सिस्टमसीटीएल स्टार्ट लॉगरोटेट.सर्व्हिस’ चालवा. नवी वही तयार होते. जुन्या तारखा गेल्यामुळे सगळ्यांची मोजणी आजपासून सुरू होते, इतकेच नुकसान.

वेळेचा विषय निघालाच आहे तर ‘टाइमडेटसीटीएल’ एकदा पाहून घ्या. टाइमझोन यूटीसी ठेवला असेल तर सर्व्हरची मध्यरात्र म्हणजे आपली पहाटेची ५:३०. रोटेशन चालते, पण लॉगवरची तारीख आणि घडलेली घटना यांचा मेळ बसत नाही. ‘एशिया/कोलकाता’ लावा.

‘साइझ ५०एम’ लिहिले, तरी फाइल ४ जीबी

आकाराची मर्यादा तपासली जाते ती लॉगरोटेट चालतो तेव्हाच, आणि तो चालतो दिवसातून एकदा. नेट नसलेल्या संध्याकाळी एखादा कॅमेरा प्रोग्रॅम सेकंदाला शंभर वेळा ‘जोडणी होत नाही’ असे लिहीत बसला, तर मध्यरात्रीपर्यंत त्याला अडवणारे कोणी नाही.

‘सुडो सिस्टमसीटीएल एडिट लॉगरोटेट.टायमर’ मध्ये ‘[टायमर]’ खाली आधी रिकामे ‘ऑनकॅलेंडर=’ आणि पुढच्या ओळीवर ‘ऑनकॅलेंडर=अवर्ली’ लिहा. रिकामी ओळ विसरलात तर जुनी वेळही राहते आणि नवीही. लॉगच्या कॉन्फिगमध्ये ‘अवर्ली’ लिहिणाऱ्यांनीही टायमर दर तासाचा केल्याशिवाय काही होत नाही.

तीन शब्दांत इथे फार गोंधळ होतो. ‘साइझ’ लिहिले की दिवस-आठवड्याचा नियम बाजूला पडतो आणि फक्त आकार पाहिला जातो. ‘मिनसाइझ’ला वेळही झालेली हवी आणि आकारही. ‘मॅक्ससाइझ’ मात्र वेळ झाली तर रोटेट करतो आणि वेळेआधी आकार ओलांडला तरीही. घरच्या सर्व्हरला जवळपास नेहमी ‘डेली’ आणि ‘मॅक्ससाइझ ५०एम’ हीच जोडी लागते. ५० पुढचा ‘एम’ विसरू नका. नुसते ५० म्हणजे ५० बाइट.

ही जोडी दर तासाला चालू लागली की दुसरा खड्डा ‘डेटएक्स्ट’चा. हा पर्याय फाइलीच्या नावाला तारीख जोडतो. त्याच दिवशी दुसऱ्यांदा रोटेट करायची वेळ आली की त्या नावाची फाइल आधीच असते, आणि लॉगरोटेट ‘डेस्टिनेशन ऑलरेडी एक्झिस्ट्स’ म्हणून रोटेशन सोडून देतो. फेडोराच्या मुख्य कॉन्फिगमध्ये हा पर्याय चालू असतो, डेबियनमध्ये बंद. एक तर ‘नोडेटएक्स्ट’ लिहा, नाहीतर ‘डेटफॉरमॅट -%वाय%एम%डी-%एस’ देऊन नावात सेकंदही घ्या. यातला वाय मोठा, बाकीची अक्षरे लहान.

पर्मिशन

‘पेरेंट डिरेक्टरी हॅज इनसिक्युअर पर्मिशन्स’ हा संदेश दिसला की लोक फोल्डरला ७७७ (सर्वांना लिहायची मुभा) देतात. त्याने अडचण वाढते, कारण तक्रारच अशी असते की या फोल्डरात रूट (मुख्य युजर) सोडून इतरांनाही लिहिता येते. उपाय कॉन्फिगमध्ये आहे: ‘एसयू’ पुढे ज्या युजर आणि ग्रुपच्या मालकीचे ते फोल्डर आहे त्यांची नावे. लॉगरोटेट मग त्यांच्या नावाने काम करतो.

/इटीसी/लॉगरोटेट.डी मधली प्रत्येक फाइल रूटच्या मालकीची आणि ६४४ (फक्त मालकाला लिहिता येईल अशी) असावी. ग्रुपला लिहिता येत असेल (६६४) तर ती फाइल वाचलीच जात नाही. विंडोजवरून शेअर फोल्डरातून कॉपी केलेल्या कॉन्फिगचे नेमके असेच होते. नावाकडेही लक्ष द्या. ‘.बॅक’ किंवा ‘~’ ने संपणारी नावे लॉगरोटेट मुद्दाम सोडतो. त्यामुळे ‘एनजिनएक्स.बॅक’ नावाने ठेवलेली प्रत निरुपद्रवी, पण ‘एनजिनएक्स-जुने’ नावाची प्रत वाचली जाते आणि ‘डुप्लिकेट लॉग एंट्री’ची चूक येते.

हाताने चालवले की होते, टायमरवर होत नाही? लॉग /यूएसआर किंवा /इटीसी खाली लिहिला जात असेल तर डेबियनच्या सर्व्हिसला तिथे लिहिता येत नाही, तिच्यावर ‘प्रोटेक्टसिस्टम=फुल’ आहे. लॉग /व्हार/लॉग मध्ये हलवा. संरक्षण काढून टाकण्यापेक्षा ते केव्हाही बरे.

फाइल रोटेट झाली, जागा मात्र मोकळी झाली नाही

चालू प्रोग्रॅमला फाइलीच्या नावाशी देणेघेणे नसते. एकदा उघडलेली फाइल त्याने धरून ठेवलेली असते. नाव ‘अ‍ॅप.लॉग.१’ झाले तरी तो तिच्यातच लिहीत राहतो आणि नवी ‘अ‍ॅप.लॉग’ रिकामी पडते. पुढे ती धरलेली फाइल पुसली गेली तरी प्रोग्रॅम सुरू असेपर्यंत जागा सुटत नाही. ‘डीएफ’ डिस्क भरलेली दाखवतो, ‘डीयू’ला काही सापडत नाही. ‘सुडो एलएसओएफ +एल१’ अशा पुसलेल्या पण उघड्या फाइली दाखवतो. ती सर्व्हिस रीस्टार्ट केली की जागा मिळते.

कायमचा उपाय म्हणजे ‘पोस्टरोटेट’ भागात प्रोग्रॅमला फाइल पुन्हा उघडायला सांगणे. एनजिनएक्सला यूएसआर१ सिग्नल लागतो, आरसिसलॉगला एचयूपी. अशी सोय नसलेल्या प्रोग्रॅमसाठीच ‘कॉपीट्रंकेट’ वापरा, सरसकट नको. त्यात फाइलीची आधी प्रत होते आणि मग मूळ फाइल रिकामी केली जाते. त्या दोन क्षणांमधल्या ओळी हरवू शकतात, आणि प्रतीसाठी तेवढी मोकळी जागा लागते, जी भरलेल्या डिस्कवर नसते. प्रोग्रॅम फाइलीच्या शेवटी जोडण्याच्या पद्धतीने लिहीत नसेल तर आणखी एक विचित्र प्रकार घडतो: रिकामी केलेली फाइल ‘एलएस’मध्ये पुन्हा जुन्याच आकाराची दिसते. सुरुवातीचा सगळा भाग पोकळ असतो, खरी जागा ‘डीयू’ सांगतो.

‘कॉम्प्रेस’सोबत ‘डिलेकॉम्प्रेस’ ठेवा, म्हणजे अजून लिहिली जात असलेली फाइल दाबली जाणार नाही. आणि कॉन्फिगच्या पहिल्या ओळीत /व्हार/लॉग/अ‍ॅप/* असा मोकळा तारा कधीच नको. आधीच रोटेट झालेल्या फाइली त्यात पुन्हा सापडतात आणि काही दिवसांत ‘अ‍ॅप.लॉग.१.१.१’ अशी रांग लागते. *.लॉग लिहा.

जे लॉगरोटेटच्या हातात नाही

सिस्टमडीचे जर्नल, म्हणजे त्याचा स्वतःचा लॉग, लॉगरोटेट पाहत नाही. त्याची स्वतःची मर्यादा फाइलसिस्टमच्या १० टक्के, जास्तीत जास्त ४ जीबी अशी असते. ३२ जीबीच्या कार्डावर तेवढेही जड जाते. /इटीसी/सिस्टमडी/जर्नलडी.कॉन्फ मध्ये ‘सिस्टममॅक्सयूज=२००एम’ लिहून सिस्टमडी-जर्नलडी रीस्टार्ट करा.

प्रोग्रॅम वेगवेगळ्या बंद डब्यांत (कंटेनरमध्ये) चालवणाऱ्या डॉकरच्या लॉगवर लॉगरोटेट लावू नका. नेहमीचा ‘जेसन-फाइल’ प्रकार काही न सांगता अमर्याद वाढतो आणि तो आवरायचा तर डॉकरकडूनच. /इटीसी/डॉकर/डीमन.जेसन मध्ये ‘लॉग-ऑप्ट्स’ खाली ‘मॅक्स-साइझ’ला १०एम आणि ‘मॅक्स-फाइल’ला ३ द्या. ३ हा आकडासुद्धा अवतरण चिन्हांत लिहावा लागतो, नाहीतर डॉकर सुरूच होत नाही. हे केल्यावर डॉकर रीस्टार्ट करून लोक निर्धास्त होतात, पण हा नियम फक्त नव्याने बनवलेल्या कंटेनरना लागतो. जुने कंटेनर रीस्टार्ट केले तरी पूर्वीसारखेच वाढत राहतात. कंपोज वापरत असाल तर ‘डॉकर कंपोज अप -डी --फोर्स-रीक्रिएट’ चालवून ते नव्याने बनवा.