कॉकाटीलच्या स्टँडची फांदी फिरत होती, ती अशी थांबवली

ऐरोलीत, घरी बनवलेला सागाचा स्टँड. कॉकाटील (तुरेवाला छोटा पोपट) बसला की आडवी फांदी गरकन फिरायची. गोंद पावसाळी हवेत सुटला, स्क्रू परत परत ढिला. नुसता वैताग!

टिकलं ते असं: पेरूची फांदी, 2 सेंमी जाड, धुऊन पूर्ण वाळवली (ओली नंतर आकसते). टोकात मधोमध 4.5 मिमीचं भोक. त्यात 6 मिमीचा हँगर बोल्ट. एकीकडे लाकडाचे आटे, दुसरीकडे नटाचे. नटाच्या बाजूला दोन नट एकमेकांवर आवळले, बाहेरचा पान्याने फिरवत बोल्ट आत नेला. नट काढून बोल्टवर क्रमाने वॉशर, खांब (आरपार भोकातून), वॉशर, नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, सहज ढिला न होणारा). सगळं स्टेनलेसच घ्या. गॅल्वनाइज्डमधलं जस्त पोपटांना विषारी, आणि हे चोच लावणारच.