पेराएवढा वेताळ: पुट्टीतून चेहरा कसा काढायचा

विकतच्या मिनिएचरमध्ये, म्हणजे बोटाएवढ्या छोट्या पुतळ्यांमध्ये, ड्रॅगन मिळतात, सांगाड्यांची फौज मिळते, पण आपला वेताळ काही मिळत नाही. तो स्वतःच घडवावा लागतो. मी आजवर एकोणीस घडवले. त्यातले पहिले सहा एका बिस्किटाच्या डब्यात आहेत आणि तो डबा मी कुणासमोर उघडत नाही.

माप २८ मिमी, म्हणजे तळपायापासून डोळ्यांपर्यंत साधारण बोटाचं एक पेर. तांब्याची बारीक तार आणि बैठकीला २५ मिमीचा वॉशर पुण्यात बोहरी आळीत मिळेल. पुट्टी मात्र ग्रीन स्टफच घ्या (दोन भाग एकत्र मळले की कडक होणारी इपॉक्सी पुट्टी, भिंतीची नव्हे), ती ऑनलाइन मागवावी लागते. एम-सील बैठकीवरच्या दगडधोंड्यांना उत्तम, चेहऱ्याच्या वाटेला ती नको. हत्यारं म्हणाल तर दातांचे डॉक्टर वापरतात तसला एक वॅक्स कार्व्हर आणि टोक घासून गोल केलेली एक दाभण. बारा हत्यारांचे संच विकणारे विकोत.

तार दुहेरी पिळा, म्हणजे पुट्टी धरून राहते. सांगाडा वाकवून बुचात खोवा. वेताळाची पावलं उलटी, ती याच वेळी तारेतच उलटी वळवा. नंतर आठवलं तर पाय कापावे लागतात.

ग्रीन स्टफची पट्टी निळी-पिवळी असते. दोन्ही रंग जिथे चिकटलेले असतात ती मधली रेघ दोनेक मिमी कापून टाका. तिथली पुट्टी आधीच वाळलेली असते आणि तिचे कण नेमके गालावर वर येतात. उरलेली समसमान घेऊन एकसारखी हिरवी होईपर्यंत मळा. निळी जास्त झाली तर कडक होते, पिवळी जास्त झाली तर मऊ आणि चिकट. कच्ची पुट्टी कातडीला बाधू शकते, हातमोजे घाला. आणि हत्यार जिभेवर ओलं करायची सवय असेल तर आजच सोडा.

हात, पाय, धड: पातळ थर द्या, वाळू द्या, पुन्हा थर द्या. धोतराच्या चुण्या कार्व्हरच्या पात्याने दाबल्या की पडतात.

आता चेहरा. मी दोन वर्षं इथेच अडकलो होतो. मळलेली गोळी तारेवर बसवायची आणि लगेच नाक काढायला घ्यायचं, असा माझा खाक्या. ताजी पुट्टी हत्याराला चिकटायची, नाक हत्याराबरोबर निघून यायचं, मग मी त्यावर आणखी पुट्टी लावायचो. आईने एकदा चष्मा वर करून विचारलं, "हा भोपळा कुणाच्या खांद्यावर बसवतोयस?"

चूक हाताची नव्हती, घाईची होती. चेहरा एका बैठकीत होत नाही. पहिल्या दिवशी तारेच्या टोकावर हव्या त्या डोक्यापेक्षा लहान, अंड्याच्या आकाराची गोळी बसवा आणि रात्रभर वाळू द्या. आत कडक कवटी नसेल तर डोळा दाबताना अख्खं डोकं मागे सरकतं.

दुसऱ्या दिवशी अर्ध्या मिरीएवढी पुट्टी घेऊन त्या कवटीवर नखाइतका पातळ थर चढवा. आणि उठा. चहा करा. वीस-पंचवीस मिनिटांनी दाभणीचं टोक हळूच टेकवून बघा. टोकाला चिकटून पुट्टीची तार सुटली तर अजून थांबा. खूण राहिली आणि टोक स्वच्छ सुटलं, तर बसा. मे महिन्यात ही वेळ फार लवकर येते आणि तितक्याच लवकर निघून जाते. तेव्हा मळलेली पुट्टी मी डबीत घालून फ्रीजमध्ये ठेवतो. डिसेंबरात उलट, टेबललॅम्पखाली ठेवावी लागते.

डोक्याच्या बरोबर मध्यावर दाभणीने डोळ्यांच्या दोन खोबणी दाबा. नवखे ती हमखास कपाळावर काढतात. दोन खोबणींमध्ये जी पुट्टी उरते तेच नाक, वेगळी गोळी चिकटवायची गरज नाही. खालून किंचित वर ढकलली की शेंडा येतो. तोंडाला एक चीर द्या, खालच्या ओठाखाली जरा दाबा, हनुवटी आपोआप पुढे येते. इथे थांबा. "अजून थोडंसं" म्हणून मी जितके चेहरे बिघडवले तितके दुसऱ्या कशाने बिघडवले नाहीत.

तिसऱ्या दिवशी खोबणीत खसखशीएवढ्या गोळ्या बसवा, त्या वाळल्या की सुतासारखी वळी करून पापण्या. गणपतीचे डोळे आखणीत, रंगाने जिवंत होतात. इथे ते पुट्टीतच व्हावे लागतात. वेताळाचे डोळे बटबटीत असले तरी शोभतात, म्हणून सुरुवातीला देखणी राजकन्या करायला जाऊ नका. सुळे सगळ्यात शेवटी.

"पाणी लावत राहा" हा सल्ला ज्याने कुणी पसरवला त्याने शाडूवर हात बसवला असणार. शाडू पाण्याने ऐकतो, पुट्टी ऐकत नाही. हत्याराला नुसती ओल पुरे. जास्त पाण्याने थर एकमेकांना धरत नाहीत. व्हॅसलीन वापरलंत तर पुढच्या थराआधी भांड्याच्या साबणाने धुवा.

एक तक्रार राहतेच: ग्रीन स्टफ रबरासारखी, दाबलेली कड थोडी परत फुगते. तलवार, दागिने अशा धारदार कामाला निम्मी मिलिपुट (अशीच दुसरी इपॉक्सी पुट्टी) मिसळा. वाळल्यावर घासायचं असेल तर मास्क लावून, ओल्या पॉलिश पेपरने.

रंगाआधी प्रायमर. वेताळ जुलै-ऑगस्टात पुरा झाला असेल तर स्प्रे मारू नका, दमट हवेत त्यावर पांढुरकी साय धरते आणि पापण्या बुजतात. ब्रशनेच लावा.