पावसाच्या तोंडावर सीता-अशोकाकडे लक्ष द्या

मृग लागायला आता पंधरवडाच उरला आहे. सोसायटीच्या बागेत, बंगल्याच्या परसात किंवा रोपवाटिकेत सीता-अशोक असेल, तर या दिवसांत त्याच्या बुंध्यापाशी एकदा उकिडवं बसून नीट पाहा. हे झाड मूळचं सदाहरित रानांतलं, ओढ्याकाठचं. त्याला ओल आवडते, तेव्हा पावसाळ्यात त्याची कसली चिंता, असं बहुतेकांना वाटतं. पण मुंबईत मी जे अशोक गेलेले पाहिले, त्यांतले बरेचसे भर पावसात नाहीतर पाऊस सरता सरता गेले. ओढ्याकाठी पाणी वाहतं, आपल्या आवारात ते साचून राहतं.

आधी झाडाची खात्री करून घ्या. खांबासारखा सरळसोट वाढणारा, लांब नागमोडी पानांचा तो खोटा अशोक, म्हणजे आसुपालव. सीता-अशोक ६ ते ९ मीटरच्या आसपासच राहतो, डेरेदार पसरतो. त्याचं पान संयुक्त असतं, म्हणजे एकाच देठावर छोट्या पानांच्या, पर्णिकांच्या, जोड्या. अशा साधारण ४ ते ६ जोड्या असतात आणि टोकाला एकटी पर्णिका नसते. रोप घेताना एवढं पाहिलंत तरी फसगत टळेल. कोवळी पालवी तांबूस असते आणि मलूल झाल्यासारखी खाली लोंबते. ती पाहून घाबरून औषध मारणारे भेटतात. तो रोग नाही. थोड्या दिवसांत तीच पानं हिरवी होऊन ताठ होतात.

शहरात या झाडाचा सगळ्यात मोठा वैरी म्हणजे बुंध्याभोवतीचं सिमेंट. अन्नपाणी शोषणारी बारीक मुळं वरच्या फूट-दीड फूट मातीत असतात आणि त्यांना हवा लागते. आपण बुंध्याला भिडवून पेव्हर ब्लॉक बसवतो, नाहीतर बसायला ओटा बांधून आत मातीचा भराव घालतो. भराव तर फार वाईट, कारण बुंध्याला माती चढली की तिथली साल कायम ओली राहते आणि कुजते.

पूर्व उपनगरातल्या एका सोसायटीत पंचवीसेक वर्षांचा अशोक होता. चैत्रात केशरी-लाल झुबक्यांनी लगडायचा. रंगरंगोटीच्या वेळी त्याच्याभोवती दीड फूट उंच ओटा बांधून माती भरली. दोन पावसाळ्यांनंतर मला बोलावलं, तेव्हा शेंड्याची पानं झडली होती. माती उकरली तर साल नुसत्या बोटांनी सुटून आली. ते झाड मला वाचवता आलं नाही. आजही त्या रस्त्याने गेलो की नजर तिथे जाते.

म्हणून ओटा असेल तर पावसाआधी फोडा, निदान आतली जादा माती काढा. मुळं फुटतात तिथला बुंध्याचा फुगीर भाग उघडा दिसला पाहिजे. चहूबाजूंनी तीनेक फूट माती मोकळी ठेवा. हे काम खुरप्याने करा, कुदळीने मुळं तुटतात. पाणी निघून जाईल असा उतार द्या, चर काढायचा तर डेऱ्याच्या कडेबाहेर. वाळका पालापाचोळा जरूर पसरा, पण बुंध्यापासून चार बोटं दूर.

जुलैत पानं पिवळी पडून गळायला लागली, माती ओली असूनही झाड कोमेजलेलं दिसलं, तर पाणी वाढवू नका. वीतभर उकरून माती हुंगून पाहा. आंबूस वास आला तर मुळं गुदमरली आहेत. पाण्याला वाट काढून द्या, वरची माती भुसभुशीत करा, चांगल्या कुजलेल्या शेणखतात ट्रायकोडर्मा (मुळं कुजवणाऱ्या बुरशीला आवरणारी उपकारक बुरशी) मिसळून घाला. त्याच जागी तांब्याचं बुरशीनाशक ओतू नका, ट्रायकोडर्मा मरून जाईल. नवी पालवी फुटेपर्यंत रासायनिक खत बंद.

पिवळेपणाचा आणखी एक प्रकार मुंबईत फार दिसतो. कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या. ही बहुतेक वेळा लोहाची कमतरता असते. बांधकामाचं डेब्रिज मातीत गाडलेलं असलं की त्यातल्या चुन्या-सिमेंटमुळे लोह मुळांना मिळत नाही. इथे युरिया टाकून काही होत नाही. डेब्रिज उपसून तिथे लाल माती आणि पानांचं खत भरा.

आता सालीबद्दल. अशोकारिष्ट या आयुर्वेदिक औषधासाठी अशोकाची साल लागते आणि तिच्यापायी रानातले अशोक इतके सोलले गेले की जगातल्या धोक्यातल्या प्रजातींच्या लाल यादीत त्याचं नाव आहे. शहरातही कुणीतरी ‘घरच्या औषधापुरती’ म्हणून सुरी लावतं. बुंध्याभोवती सगळीकडून कड्यासारखी साल निघाली तर झाड मरतंच. वॉचमनला आणि शेजाऱ्यांना हे आवर्जून सांगा. रोषणाईचे खिळे, कुंपणाच्या तारा पावसाआधी काढा, त्या जखमांतूनच बुरशी आत शिरते. जखमेला बोर्डो पेस्ट लावा. १०० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि १०० ग्रॅम कळीचा चुना, प्रत्येकी अर्धा लिटर पाण्यात, प्लॅस्टिकच्या वेगळ्या भांड्यांत भिजवून मग एकत्र करा. लोखंडी खिळा बुडवून पाहा. त्यावर तांबूस थर आला तर चुना थोडा वाढवा. पेस्ट त्याच दिवशी वापरून टाका.

फांद्यांच्या बेचक्यात भुसा आणि विष्ठेची जाळी दिसली तर ती साल खाणारी अळी समजा. जाळी झाडून काढा, भोकात तार घालून अळी मारा, पेट्रोलचा बोळा कोंबून वरून चिखलाने लिंपा. पिठ्या ढेकणांना, म्हणजे पानाफांद्यांवरच्या पांढऱ्या कापसासारख्या किडीला, पाण्याचा जोरदार फवारा आणि ५ टक्के निंबोळी अर्क बहुधा पुरतो. कोवळ्या पानांवरच्या थोड्याफार अळ्या राहू द्या, त्यांत फुलपाखरांच्याही असतात.

छाटणीच्या बाबतीत मी हट्टी आहे. अशोकाचे झुबके जुन्या फांद्यांवरही येतात आणि वाढ अतिशय मंद असते, त्यामुळे शेंडा उडवला की झाड कित्येक वर्षं मागे जातं. फक्त वाळलेल्या आणि मोडक्या फांद्या काढा. त्याआधी वॉर्डातल्या उद्यान विभागाकडे अर्ज करा. झाड खासगी जागेतलं असलं तरी १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा त्याला लागू आहे. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षांवरच्या झाडांना ‘प्राचीन वृक्ष’ म्हणून जादा संरक्षण मिळालं आहे.

रोपवाटिकावाल्यांसाठी हाच मोसम आहे. चपट्या शेंगा पावसाच्या तोंडाशी पिकून तडकायला लागतात. बी साठवून टिकत नाही, वाळलं की उगवणं संपलं. गोळा करा, रात्रभर पाण्यात भिजवा आणि दुसऱ्या दिवशी आडवं, इंचभर खोल पेरा. पिशवीला भोकं भरपूर हवीत, वर ५० टक्के सावलीची जाळी हवी. रोप हातभर झाल्याशिवाय जमिनीत लावू नका. खड्डा दोन फूट लांब, रुंद आणि खोल घ्या. पश्चिमेचं ऊन अडेल अशी जागा निवडा, खाडीलगतचा खारट भराव टाळा. लावल्यावर पहिले दोन-तीन उन्हाळे आठवड्यातून दोनदा पोटभर पाणी द्या.