शंका आणि संशय : ख्रिस्ती अद्भुतकथा वाचनगटात कशा वाचाव्यात

शंका आणि संशय हे शब्द आपण पुष्कळदा एकाच अर्थाने वापरतो, पण मराठीत त्यांची वागणूक निराळी आहे. शंका विचारली जाते, तिचे समाधान होते, व्याख्यानानंतर शंकासमाधानासाठी वेळही राखून ठेवलेला असतो. संशय मनात घर करतो, तो विचारून फिटत नाही, आणि गीतेतले ‘संशयात्मा विनश्यति’ हे वचन त्याच्याचबद्दल आहे. ख्रिस्ती श्रद्धेच्या पोटी जन्मलेल्या अद्भुतकथा आणि कादंबऱ्या गटाने वाचायच्या असतील, तर हा फरक पहिल्याच बैठकीत बोलून घ्यावा, कारण या पुस्तकांत असतो तो बहुतेक वेळा संशय आणि गट मात्र त्याला शंका समजून उत्तर द्यायला धावतो.

ठाण्यात असा गट जमवणे अवघड नाही. मासुंदा तलावाच्या काठाशी सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च आहे आणि कोपिनेश्वराचे देऊळही आहे. तलावपाळीवर फिरायला येणाऱ्या माणसांना दोन्हीकडच्या घंटा ओळखीच्या असतात, त्यामुळे ख्रिस्ती आणि ख्रिस्तीतर वाचक एकत्र बसण्यात येथे कोणाला नवल वाटत नाही. पाच ते सात माणसे पुरेत. आठावा आला की दोघे गप्प बसू लागतात. पंधरवड्यातून एकदा, दीड तास, कोणाच्या तरी घरी बसावे. चर्चच्या सभागृहात बसल्यास ख्रिस्ती सभासद जपून बोलतात आणि इतर सभासद त्याहूनही जपून बोलतात, असे मी पाहिले आहे. वाशी-नेरुळकडून येणारे कोणी असतील, तर रविवार टाळावा, कारण ट्रान्स-हार्बर मार्गावरील मेगाब्लॉकमुळे अर्धी बैठक त्यांची वाट पाहण्यातच जाते; शनिवारची संध्याकाळ बरी.

सुरुवात लहान पुस्तकाने करावी. सी. एस. लुईस यांच्या नार्निया मालिकेतील १९५० साली आलेले पहिले पुस्तक, ‘द लायन, द विच अँड द वॉर्डरोब’, यासाठी मला सर्वांत योग्य वाटते. आमच्या गटाने हेच पुस्तक आधी घेतले आणि पहिल्या बैठकीत मोठी चूक केली. कथेतला सिंह म्हणजे ख्रिस्त, ज्यावर त्याला मारतात ते दगडी मेज म्हणजे क्रूस, भावंडांना दगा देणारा एडमंड म्हणजे येशूला पकडून देणारा यहुदा, अशी यादी आम्ही फळ्यावर लिहिली. वीस मिनिटांत यादी संपली आणि त्यानंतर कोणालाही काही बोलायचे उरले नाही. ख्रिस्तीतर सभासदांना वाटले की हे कोडे सोडवण्याची किल्ली आपल्याकडे नाही, आणि ख्रिस्ती सभासदांना वाटले की किल्ली असल्यामुळे पुस्तक वाचण्याची गरजच नाही.

लुईस यांनी स्वतः या कथेला रूपककथा म्हणण्यास नकार दिला होता. नार्नियासारखे एखादे जग खरोखर असते आणि देवाचा पुत्र तेथे सिंहरूपाने आला असता, तर काय घडले असते, अशी ती कल्पना आहे, असे त्यांचे म्हणणे होते. वाचनाची पद्धत ठरवताना याचा फार उपयोग होतो. रूपककथेत वाचक प्रत्येक वस्तूचा अर्थ शोधतो; ‘असे झाले असते तर’ या कथेत तो त्या प्रसंगात उभा राहतो. म्हणून सिंहाच्या मृत्यूपर्यंतचा भाग मोठ्याने वाचावा आणि पहाट होण्यापूर्वी पुस्तक मिटावे. पुढचा भाग पंधरा दिवसांनी. ज्यांना शेवट ठाऊक आहे त्यांनी तो सांगू नये. येशूच्या मृत्यूचा शुभ शुक्रवार आणि पुनरुत्थानाचा ईस्टर यांच्यामधला शनिवार ख्रिस्ती उपासनेत मुकाच असतो, आणि त्या दिवशी शिष्यांना काय वाटले असेल हे ईस्टर ठाऊक असलेल्या माणसाला सहसा कळत नाही. त्या मधल्या दोन आठवड्यांत सभासदांनी एवढेच लिहून आणावे : सिंहाच्या आयाळीत हात घालून चालणाऱ्या त्या दोन मुलींना त्या रात्री नेमके काय ठाऊक होते आणि काय ठाऊक नव्हते?

भाषेचा प्रश्न येथेच येतो. पुस्तक इंग्रजीत वाचले तरी चर्चा मराठीत करावी आणि प्रत्येक बैठकीत निदान एक परिच्छेद कोणीतरी आयत्या वेळी मराठीत सांगावा, म्हणजे शब्दांची अडचण उघडी पडते. मराठी ख्रिस्ती माणूस ‘विश्वास’ म्हणतो, इतर मराठी माणूस ‘श्रद्धा’ म्हणतो, आणि दोघांच्या मनातले चित्र एक नसते. विश्वास टाकला जातो, विश्वासाला तडा जातो. श्रद्धा बसते आणि उडते. एका संध्याकाळी आमचा पाऊण तास या चार क्रियापदांवर गेला, आणि मला तो सर्वांत सार्थकी लागलेला वेळ वाटतो. ख्रिस्तीतर सभासदांच्या हाताशी बायबल असू द्यावे. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ त्यांना जवळचे वाटते.

दुसऱ्या टप्प्यावर त्याच लेखकाचे दुसरे पुस्तक घ्यावे. पत्नी जॉय यांचे १९६० साली कर्करोगाने निधन झाल्यावर लुईस यांनी वह्यांत जे लिहिले ते ‘अ ग्रीफ ऑब्झर्व्हड’ या नावाने १९६१ साली प्रसिद्ध झाले, आणि तेही टोपणनावाने. वीस वर्षांपूर्वी दुःखाच्या प्रश्नावर तर्कशुद्ध पुस्तक लिहिणारा हा माणूस येथे लिहितो की गरज पराकोटीची असताना देवाकडे जावे, तर दार तोंडावर बंद होते आणि आतून कड्या लावल्याचा आवाज येतो. हे वाचताना कोणीतरी स्वतःच्या घरातले मरण सांगू लागेल. अशा वेळी गट चालवणाऱ्याचे काम एकच असते, ते म्हणजे कोणालाही सांत्वनाचे वाक्य बोलू न देणे. बायबलमधील ईयोबाच्या ग्रंथात, निर्दोष असूनही सारे गमावलेल्या ईयोबाकडे त्याचे मित्र येतात आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर न बोलता बसतात. त्यांचे बिघडते ते तोंड उघडल्यानंतर, आणि अखेरीस देव त्यांनाच सांगतो की ईयोब माझ्याविषयी योग्य ते बोलला, तुम्ही बोलला नाहीत. हा भाग त्या बैठकीला जोडून अवश्य वाचावा. पहिल्या तासात कोणी समाधान सांगायचे नाही, हा आमचा नियम तेथूनच आला. धर्मगुरूंना बोलवायचे असेल, तर तेही पुस्तक वाचून आलेले सभासद म्हणून यावेत; उत्तर देण्यासाठी बोलावलेला माणूस खोलीत असला की संशय पुन्हा शंका होतो.

टॉल्किन यांचा ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ पुष्कळांना पहिल्याच दिवशी घ्यावासा वाटतो, पण तो तीन खंडांचा आहे आणि गट मध्येच गळतो. ज्यांनी तो वाचला आहे त्यांच्यासाठी एक बैठक ठेवावी आणि फक्त डोंगरावरचा शेवट घ्यावा, जेथे घातक अंगठी नष्ट करायला निघालेला फ्रोडो ती टाकून देऊ शकत नाही आणि पूर्वी कधी तरी दाखवलेली दया कामी येते. ग्रंथात चर्च नाही, देवाचे नावही जवळजवळ नाही, तरी अंगठीच्या नाशाची तारीख २५ मार्च आहे, म्हणजे मरियेला देवदूताने येशूच्या जन्माचा निरोप दिल्याचा सण. एवढे सांगून पुढे जावे.

आता ज्या पुस्तकासाठी मी हा सारा खटाटोप करतो, त्याकडे येतो. शुसाकु एन्दो यांची ‘सायलेन्स’ ही १९६६ सालची जपानी कादंबरी अद्भुतकथा नाही, पण नार्नियानंतर ती वाचलीच पाहिजे, कारण तेथे पहाट होत नाही. सतराव्या शतकात छळ चालू असताना एक पोर्तुगीज जेझुइट धर्मगुरू गोव्यावरून जपानला जातो, पकडला जातो, आणि ख्रिस्ताच्या प्रतिमेवर पाय ठेवलास तर टांगलेल्या शेतकऱ्यांना सोडू, असे त्याला सांगितले जाते. ठाणे-वसईच्या वाचकाला ही गोष्ट दूरची नाही. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला पंचवीस सोबत्यांसह क्रूसावर मारले गेले आणि १८६२ साली संतपदाला पोहोचले. त्याआधी १३२१ साली ठाण्यातच चार फ्रान्सिस्कन संन्याशांना ठार मारण्यात आले होते. म्हणजे न डगमगलेल्यांची परंपरा आपल्या मातीत आहे, आणि एन्दो विचारतात ते डगमगलेल्यांबद्दल. कादंबरीतला जपानी ख्रिस्ती किचिजिरो पुन्हा पुन्हा श्रद्धा नाकारतो आणि पुन्हा पुन्हा पापनिवेदनाला परत येतो. त्याचे काय करायचे? चर्चा धर्मगुरूने पाय ठेवला ते बरोबर की चूक, यावर अडू देऊ नये, तसा कौल घेतला की दोन पक्ष पडतात. प्रत्येकाने किचिजिरोविषयी पाच मिनिटे बोलावे. आमच्याकडे ख्रिस्ती नसलेली एक सभासद त्याच्याविषयी बोलताना रडली, आणि कारण तिने सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही.

आपल्या ख्रिस्ती श्रद्धेला एन्दो अंगाला न बसणारे पाश्चात्त्य कपडे म्हणत असत. हे ऐकल्यावर मराठी वाचकाला रेव्हरंड नारायण वामन टिळक आठवायलाच हवेत. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते सांगत आणि त्यांनी ख्रिस्ताला अभंगात गायले. त्याच घरातली दुसरी बाजू लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त आहे. १८९५ साली पतीने बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्या मागे राहिल्या. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा १९०० साली झाला. मधली वर्षे वाचताना दिसते की एकाची श्रद्धा दुसऱ्याच्या संसारात कशी वावटळ होऊन येते. ही प्रकरणे ‘सायलेन्स’नंतर लगेच वाचावीत. मिश्र गटात येथे धर्मांतराचा विषय निघतोच. त्याला बंदी नसावी, मात्र बोलणारा पानावरच्या लक्ष्मीबाईंविषयी बोलत आहे की समोरच्या सभासदाविषयी, याकडे चालकाने लक्ष ठेवावे आणि गरज पडली तर ते पान पुन्हा वाचून दाखवावे.

शेवटची बैठक शक्य असल्यास वसईच्या किल्ल्यात करावी. पडक्या चर्चमध्ये छप्पर नाही, त्यामुळे पावसाळा टाळावा, पाणी आणि बसायला सतरंजी न्यावी. तेथे बायबलच्या स्तोत्रसंहितेतील ८८वे स्तोत्र एकाने मोठ्याने वाचावे; ते अंधारातच संपते, आणि त्यापुढे दुसरे, आशेचे स्तोत्र वाचण्याचा मोह आवरावा. उजेड असेपर्यंत ज्याला बसायचे त्याने बसावे. घोडबंदर रस्त्याने ठाण्याला परतणाऱ्यांनी पाचच्या सुमारास निघावे, नंतर गायमुखाच्या चढावर फार वेळ जातो.