पाऊस सरला, आता भुईरिंगणी लावा. पण वांग्याच्या शेजारी नको

परतीचा पाऊस मुंबईतून साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात निघतो आणि गच्चीतली माती चार महिन्यांनी पहिल्यांदा नीट वाळते. भुईरिंगणी, म्हणजे वांग्याच्या कुळातलं, जमिनीवर पसरणारं काटेरी औषधी रोप, लावायची असेल तर हीच वेळ. आमच्या मुलुंडच्या गच्चीत जूनमध्ये लावलेली रोपं दोन वर्षं लागोपाठ सडली. वांग्याची बहीण म्हणून पाणीही वांग्यासारखंच घातलं होतं. ऑगस्टमध्ये बुंधा काळा पडला आणि रोप अलगद हातात आलं. तिसऱ्या वर्षी दसऱ्यानंतर बी टाकलं, तेव्हा कुठे जमलं.

हिचं घर घाटापलीकडे आहे. फलटणहून दहिवडीकडे जाताना माळावर, पडीक रानात, रस्त्याच्या कडेच्या मुरमात ही पसरलेली दिसते. तिकडे वर्षाकाठी 500 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, मुंबईत 2000 च्या वर. भर उन्हाळ्यात आजूबाजूचं गवत पांढरं पडलेलं असतं तेव्हा ही हिरवी असते, फुलं आणि पिवळी फळं एकाच वेळी अंगावर घेऊन. खाली लांब सोटमूळ आहे म्हणून हे जमतं. कोवळ्या फांद्यांवरची लव भिंगातून पाहा. प्रत्येक केस चांदणीसारखा फुटलेला दिसेल. वांग्याच्या पानालाही अशीच लव असते.

ओळख पक्की करून मगच बी घ्या. भुईरिंगणी जमिनीसरशी पसरते, फांद्या नागमोडी, पानं खोल कातरलेली. काटे सरळ, पिवळे, चकचकीत असतात आणि पानाच्या शिरांवर दोन्ही बाजूंनी येतात. हे काटे लिंबाच्या काट्यासारखे फांदीचं रूप नाहीत, गुलाबासारखे सालीवरून आलेले आहेत. फूल जांभळं, फळ कच्चं असताना हिरव्यावर पांढऱ्या रेघांचं आणि पिकलं की पिवळं, गोटीएवढं. देठाशी काटेरी हिरवी टोपी तशीच राहते. डोरली ही हिची काटेरी बहीण निराळी. ती उभी वाढते, झुडूप होते आणि फळं बरीच लहान असतात. दशमुळात, म्हणजे आयुर्वेदातल्या दहा मुळांच्या औषधात, दोघींचा समावेश आहे, म्हणून दुकानातही गल्लत होते. पिवळा धोत्रा तर या कुळातलाही नाही. त्याचं फूल पिवळं असतं आणि फांदी मोडली की पिवळा चीक येतो. रेल्वेरुळाशेजारी काटेरी, निळसर पानांचं रोप दिसलं म्हणून उपटून आणू नका, बहुतेक वेळा तोच असतो.

नावांचा घोळही लक्षात ठेवा. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 मध्ये हिला अमेरिकेतल्या व्हर्जिनियावरून सोलॅनम व्हर्जिनियानम म्हटलं, वनस्पती मात्र आपल्याकडची. सुरतेवरून पडलेलं सुरात्तेन्स आणि पिवळ्या फळावरून पडलेलं झँथोकार्पम ही नावंही हिचीच. रोपवाटिकेत तीन पाट्या दिसल्या तर तीन रोपं विकत घेऊ नका.

पिकलेलं फळ हातमोजे घालून कापा, बी पाण्यात चोळून गर काढा, सावलीत वाळवा. पेरण्याआधी रात्रभर भिजवा. रानातलं बी आहे, वांग्यासारखं एका आठवड्यात सगळं उगवेल अशी आशा धरू नका. मागेपुढे येत राहतं, कुंडी लवकर मोकळी करू नका. सोटमूळ दुखावू नये म्हणून ट्रेमध्ये न टाकता थेट मोठ्या कुंडीत टाका. खोली फूटभर तरी हवी. लाल माती आणि जाड वाळू समान, शेणखत त्याच्या निम्मं. कोकोपीट अजिबात नको, ते पाणी धरून ठेवतं. कुंडीखालची बशी काढून टाका. पाणी देण्याआधी बोट दोन पेरं मातीत घाला, ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही. ऊन मात्र दिवसभराचं हवं. उत्तरेकडच्या गॅलरीत फक्त पानं वाढतील.

फुलं येतात आणि गळतात, फळ धरत नाही, अशी तक्रार वरच्या मजल्यांवरून येते. या फुलाचे पाच पिवळे पुंकेसर उभे फाटत नाहीत. टोकाला बारीक छिद्रं असतात, मिठाच्या डबीसारखी. परागकण बाहेर यायला हादरा लागतो. काळा भुंगा फुलाला लटकतो, पंख न हलवता अंग थरथरवतो, आवाज एकदम चढतो आणि पराग त्याच्या पोटावर पडतो. मधमाशीला ही युक्ती येत नाही. दहाव्या मजल्यावर भुंगा फिरकत नसेल तर सकाळी बॅटरीवर चालणारा टूथब्रश फुलाच्या देठाला दोन सेकंद लावा. वांग्याच्या आणि टोमॅटोच्या फुलांनाही हेच करा.

आता वांग्याबद्दल, कारण इथे माझं मत ठाम आहे. वसई-पालघरकडे विक्रीसाठी वांगी पिकवणाऱ्यांनी भुईरिंगणी बांधावर ठेवूच नये. शेंडा आणि फळ पोखरणारी अळी वांगं नसतानाही हिच्यावर तग धरते. पानं बारीक होऊन झुपका होणारा पर्णगुच्छ रोगही रानातल्या अशा भाईबंदांतून तुडतुड्यांमार्फत वांग्यात येतो. गच्चीच्या दुसऱ्या टोकाला ठेवल्याने तुडतुडे थांबत नाहीत. तेव्हा एक हंगाम वांगं, एक हंगाम रिंगणी, असं करा. झुपका झालेलं रोप दिसलं की मुळासकट काढा, औषध मारत बसू नका. शेंडा मलूल होऊन वाकला तर तो अळीसकट खुडून घ्या.

सगळं रोप हिरवंगारच, पण दुपारी एकदम माना टाकल्या, तर मर रोगाची शंका घ्या. कोकणच्या दमट, आम्लधर्मी मातीत तो वांग्यावर फार येतो. बुंध्याचा बोटभर तुकडा कापा आणि काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात लटकता धरा. काही मिनिटांत कापावरून दुधासारखी पांढरी तार खाली उतरली तर रोग जिवाणूचा आहे. त्या मातीत पुन्हा वांगं, टोमॅटो, मिरची, बटाटा लावू नका. यावर रानच्या भाईबंदांचाच आधार घेतात. सोलॅनम टॉर्व्हम या रानवांग्याच्या खुंटावर वांग्याचं कलम केलं की रोप मर रोगाला फारशी दाद देत नाही. पुढच्या वर्षी वांगं करायचं असेल तर कलमी रोपांची चौकशी आत्ताच करा.

औषधाचं सांगतो. गावाकडे आजी दाढ दुखली की रिंगणीच्या बियांची धुरी देत असे आणि खोकल्याला काढा. तरीही घरच्या रोपाचा काढा स्वतःच्या मनाने करू नका. फळात सोलासोडिनसारखी अल्कलॉइडं, म्हणजे वनस्पतीतली तीव्र रसायनं, असतात, मात्रा वैद्यच ठरवतील. गरोदर बाईला तर अजिबात नको. पिवळं फळ लहान मुलाला छोट्या टोमॅटोसारखं वाटतं. म्हणून कुंडी कठड्याच्या आत, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर ठेवा. जाडीभरडी फांदी छाटायची झाल्यास चिमट्याने धरा, काटा बोटात मोडला तर सहज निघत नाही.

औषधात मुळासकट सगळं रोप वापरतात, त्यामुळे माळावरून ते उपटलं की तिथलं संपलंच. घरच्या कुंडीतलं काढतानाही दोन-तीन फळं पूर्ण पिवळी होईपर्यंत राहू द्या. त्यांचं बी कागदी पुडीत, तारीख लिहून, कोरड्या डब्यात ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत मुंबईच्या पावसाळ्यात त्याला बुरशी येते.