विषयओळीतला तुटलेला ‘व’

ठाण्यातील आमच्या सोसायटीच्या सूचना सभासदांना मेलने पाठवणारी छोटी स्क्रिप्ट मीच लिहिली आहे. परंतु ‘रविवारी पाणीपुरवठा बंद’ या विषयात ‘पाणीपुर’नंतर प्रश्नचिन्हे उमटत. हेडरमधील (मेलच्या माथ्यावरील विषय वगैरे भागातील) देवनागरी बेस६४मध्ये, म्हणजे साध्या इंग्रजी अक्षर-अंकांत, एन्कोड करताना, १९९६च्या आरएफसी २०४७ या इंटरनेट-नियमावलीनुसार, प्रत्येक तुकडा जास्तीत जास्त ७५ कॅरेक्टरांचा ठेवावा लागतो, म्हणून मी दर ४५ बाइटांवर मजकूर कापत होतो; एवढे बाइट एन्कोड झाल्यावर त्या मर्यादेत बसतात. यूटीएफ-८मध्ये (अक्षरे बाइटांत साठवण्याच्या पद्धतीत) देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, अगदी मात्रासुद्धा, ३ बाइटांचे असते. मात्र शब्दांमधली मोकळी जागा एकाच बाइटाची असल्याने हिशेब सरकून ‘व’चे दोन बाइट एका तुकड्यात आणि तिसरा पुढच्यात जात होता. (सर्व्हरला दोष देण्यात दोन संध्याकाळी वाया गेल्या.) आता मी बाइट न मोजता १५ चिन्हांवर तुकडा पाडतो आणि ‘पाणीपुरवठा’ अखंड पोहोचतो.